आमेनची घाई

मंगळवार, ४ फेब्रुवारी

ही वही औषधांसाठी आणली. बायकोला हॉस्पिटलातून सोडताना नर्सबाईंनी बजावलं होतं, गोळ्यांच्या वेळा, रक्तदाब, पाणी किती प्यायल्या, सगळं लिहून ठेवा, डोक्यात ठेवू नका. डोक्यात ठेवायला जागा तरी कुठे आहे?

सकाळचा रक्तदाब १४२ वर ८६. नाश्त्याआधीची एक गोळी, नंतरच्या दोन. आधीची मी नंतर दिली. उजवा हात तसाच. उजवा पाय, मी धरलं तर दोन पावलं. बोलणं एकच शब्द: नाही.

चहा देऊ का? नाही. दिला तर सगळा प्यायली. खिडकी लावू का? नाही. लावली तर गप्प. उशी उंच करू? नाही. केली तरी नाही, काढली तरी नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हिनं मला जितक्यांदा नाही म्हटलं नसेल, तितक्यांदा आज एका दिवसात म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून उजवं अंग आणि वाचा गेली. समजतं सगळं, म्हणाले, फक्त बाहेर येत नाही. अठरा जानेवारीला, शनिवारी, संध्याकाळी जेवायला बसलो असताना झालं. लगेच नेलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आजपासून कामावर. दिवसभर घरी हिची थोरली बहीण असते. तिला आम्ही तिच्या माघारी फौजदार म्हणतो. हे नाव हिनंच ठेवलंय. सकाळी आठला दारात हजर, चपला काढता काढताच पहिला हुकूम: "भाऊजी, काल पुसलेल्या लादीला लादी म्हणायचं का?" बाईचं मन सोन्यासारखं आहे, जीभ मात्र आमच्या कात्रीला लाजवेल.

कारखान्यात सगळ्यांनी विचारलं. बरं आहे, म्हणालो. चौतीस वर्षं मी इथे कोट कापतोय. टेबल, साचे, खडू, कात्री, सगळं माझ्या उंचीला बेतलेलं. तिथे उभं राहिल्यावर वाटलं, चला, एक तरी जागा जशीच्या तशी आहे.

घरी आलो आणि दारातच थकलो. आत जाऊन थकायचं काम तर बाकीच होतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तीन आठवडे झाले.

आज हिला पहिल्यांदा टेबलाशी बसवलं. इतके दिवस पलंगावरच भरवत होतो. दोन उशा, एक पट्टा, एप्रन. सूप वाढलं, समोर बसलो, आणि दोघंही ताटाकडे बघत राहिलो. का बसलोय ते माझ्या लक्षातच येईना. मग कळलं. प्रार्थनेची वाट बघत होतो.

जेवणाआधीची प्रार्थना आमच्याकडे हीच करते. लग्नानंतरच्या पहिल्या जेवणापासून. तिची स्वतःचीच आहे, कुठल्या पुस्तकातली नाही. चार-पाच वाक्यांची, रोज तीच. मी डोळे मिटतो, शेवटी आमेन म्हणतो आणि चमचा उचलतो. कामाची वाटणी आहे ती. ती मागते, मी सही करतो.

आज मी म्हणायला गेलो. "प्रभू, आजचं अन्न दिलंस, तुझे उपकार." पुढे? पुढे पाटी कोरी. एकतीस वर्षं रोज ऐकलंय, आणि मला पुढचं वाक्य येईना. साचा एकदा बघितला तर मी विसरत नाही. एकतीस वर्षं मी डोळे मिटून काय करत होतो? खरं सांगायचं तर उद्याच्या कापणीचा विचार.

आमेन म्हटलं. ही म्हणाली, "नाही."

बरोबरच आहे. असली अर्धीमुर्धी कोण घेईल?

रविवार, ९ फेब्रुवारी

फौजदारला विचारलं, तुमची बहीण जेवणाआधी काय म्हणायची, आठवतं का? चूक केली. "त्यात आठवायचं काय, मी करते ना," म्हणाली आणि उभी राहिली. सगळ्या नातेवाइकांचे आजार झाले, शेजाऱ्यांचे झाले, सरकारला सद्बुद्धी झाली, तिच्या गुडघ्याचं तर दोनदा झालं. सूप गार. ही एकदाही नाही म्हणाली नाही. डोळे मिटून, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात हसत बसली होती. बहिणीला कसं हसायचं तेवढं शाबूत आहे.

जाता जाता दारात थांबून फौजदार म्हणाली, "एक वाक्य आमच्या आईचं होतं बघा त्यात. 'ज्यांचं कोणी नाही त्यांचा तू हो.' ते ती नक्की म्हणायची." आणि पदरानं नाक पुसून गेली. मी वहीत लिहून ठेवलं, गोळ्यांच्या खाली.

मी प्रार्थनेचा माणूस नाही. उपासनेला जातो, गातो, वाकतो, घरी येतो. माझ्या वाट्याची देवाशी बोलणी हीच करायची. आता ती बोलू शकत नाही तर आमच्या घराचा आवाजच तिथे पोचत नसेल, असं वाटतं. वेडेपणा आहे. पण वाटतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

स्पीच थेरपीच्या बाई आल्या होत्या. तरुण आहेत, मोठ्यानं बोलत नाहीत हे बरं. बाकी सगळे हिच्याशी ती बहिरी असल्यासारखे ओरडतात.

चित्रं दाखवली. कप. नाही. किल्ली. नाही. घर. नाही. मला घाम फुटला, जणू परीक्षा माझीच. बाई शांत. मला म्हणाल्या, "हा एकच शब्द त्यांच्याकडे उरलाय, म्हणून तो सगळ्यांसाठी वापरतात. त्याचा अर्थ धरून बसू नका, सूर ऐका. आणि घरात रोज जे बोलायचात ते तसंच बोलत राहा. ठरलेलं बोलणं कधी कधी आपोआप परत येतं."

रोज काय बोलायचो? आलो. जेवायला वाढ. मीठ दे. उद्या लवकर उठव. एवढंच. लिहून बघितलं तर एका हाताच्या बोटांवर मावलं.

रक्तदाब १३८ वर ८४.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चाळीस कोटांची कापणी होती. कापड दुमडून, सुलट बाजूला सुलट बाजू लावून थर घातला, की एकाच कापणीत डावी आणि उजवी दोन्ही बाह्या निघतात. सगळेच थर सुलट बाजू वर करून घातले, तर मात्र अर्ध्यावर साचा उलटा फिरवायचा असतो. हे नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात. मीच सांगतो. आणि आज मी थर सुलट घातले, साचा फिरवलाच नाही आणि कापत सुटलो. चाळीस कोट, ऐंशी बाह्या, ऐंशीच्या ऐंशी डाव्या.

मला कळलंसुद्धा नाही. काज-बटणांच्या बाईंनी बघितलं. वीस वर्षं माझ्या पलीकडच्या मशीनवर बसतात, तोंडाचा पट्टा कायम सुरू. एक बाही या हातात, एक त्या हातात धरून म्हणाल्या, "मास्तर, गिऱ्हाइकाला सांगू या का, उजवा हात घरी ठेवून या म्हणून?"

सगळे हसले. मीही हसलो. मग त्यांच्याच लक्षात आलं. चेहरा पडला. "जिभेला हाड नसतं हो, मास्तर," म्हणाल्या आणि खाली मान घालून मशीनला बसल्या. दिवसभर पुन्हा बोलल्या नाहीत. त्या गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या.

मालकही काही बोलले नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उजव्या बाह्या दुसऱ्या गठ्ठ्यातून कापून काढल्या. संध्याकाळपर्यंत कात्री धरलेला हात थरथरत होता. चौतीस वर्षांत हे झालं नव्हतं.

घरी सांगितलं नाही. ही मात्र जेवताना माझ्या हाताकडे बघत होती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

हात अजून थरथरतो. दुसरं काही नाही लिहिण्यासारखं.

रविवार, २३ फेब्रुवारी

लेकीनं फोन केला. ती लांब असते, विमानानं जावं लागतं, आणि सातवा महिना असल्यानं डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केलाय. तिकडे ती रडते, इकडे मी बरं आहे, बरं आहे म्हणतो. तिला प्रार्थनेचं विचारलं. दोन वाक्यं लगेच दिली. "दूर आहे तिला जवळ धर" हे तर तिच्यासाठीच. ती शाळेत असताना तिथे "अभ्यासात लक्ष लागू दे" होतं, म्हणाली, आणि लागलं काही नाही. दुसरं, "आजारी आहेत त्यांना उठव." मग लाइन तुटली.

म्हणजे आता एवढं झालं:

प्रभू, आजचं अन्न दिलंस, तुझे उपकार.
घर सांभाळलंस, तुझे उपकार. (हे मला भांडी घासताना आठवलं.)
दूर आहे तिला जवळ धर.
आजारी आहेत त्यांना उठव.
ज्यांचं कोणी नाही त्यांचा तू हो.

जेवायला बसलो. वही मांडीवर ठेवून, चोरून वाचत म्हटलं. ही डोळे मिटून होती, चेहरा असा शांत की मला वाटलं, जमलं. मग मी आमेन म्हटलं आणि तिनं खाडकन डोळे उघडले.

"नाही."

"अगं, आता काय राहिलं?"

"नाही, नाही, नाही!" आणि डावा हात माझ्या हाताकडे. चमचा हवा असेल म्हणून चमचा दिला. तिनं तो भिरकावला. सूप भिंतीवर. मग दोघंही रडलो. मी स्वयंपाकघरात, ती टेबलाशी.

मला माहीत आहे ती कशाला नाही म्हणते. लिहायचा धीर होत नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

काज-बटणांच्या बाईंनी मला गाठलं. "मास्तर, वहिनींना गाउन घालताना उजवा हात घालायला त्रास होत असेल ना? बाही आख्खी उघडी कापून आणा, मी खांद्यापासून मनगटापर्यंत काज करून देते." कापून नेली. दुपारच्या सुट्टीत डबा न खाता त्यांनी बारा काजं केली. घरी घातला, तर हात एका क्षणात आत. मी बटणं लावत होतो आणि ही एकेक बटण बघत होती. नाही म्हणाली, पण या वेळचा नाही मऊ होता. सूर ऐका, म्हणाल्या होत्या ना थेरपीच्या बाई.

संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. त्यांना आमची एक मोडकी खुर्ची दिली गेली, चुकून. बिचारे तोल सांभाळत बसले. मला वाटलं, आता लांबलचक प्रार्थना होणार, आमटी-भात सगळ्यालाच उशीर. पण त्यांनी हिचा हात हातात घेतला आणि नुसते बसून राहिले. फौजदार दोनदा खोकली, तरी सुरू करेनात. पाचेक मिनिटांनी उठले.

दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी विचारलं, "प्रार्थना मध्येच तुटली तर ती पोचते का?"

"कशी तुटली?"

"म्हणजे, समजा, दुसऱ्यानंच आमेन म्हणून टाकलं."

त्यांनी चपला घातल्या. मग म्हणाले, "मास्तर, अर्धी म्हटली तर अर्धी पोचली. उरलेली तो विचारून घेतो. त्याला कुठे घाई असते? घाई आपल्यालाच."

सरळ साधे गृहस्थ आहेत. पण मला ते शब्द इंजेक्शनसारखे टोचले.

रविवार, २ मार्च

लिहूनच टाकतो. नाहीतर ही वही नुसती रक्तदाबाची राहील.

डॉक्टरांना मी "लगेच आणलं" असं सांगितलं. फौजदारला तेच, लेकीला तेच. ते खोटं नाही, पण खरंही नाही. त्या शनिवारी आम्ही जेवायला बसलो. ही प्रार्थना करत होती. बोलता बोलता थांबली, मला वाटलं संपली. मी नेहमीसारखं आमेन म्हटलं, ब्रेड मोडला आणि खायला लागलो. कापडाचा नवा गठ्ठा कसा खराब आलाय ते सांगत होतो. सुपात मीठ कमी होतं. म्हटलं, मीठ दे. ती हलली नाही. पुन्हा म्हटलं. मग माझा आवाज चढला, "ऐकू येत नाही का?" आणि वर बघितलं, तर तिचं तोंड एका बाजूला उतरलेलं आणि डोळे माझ्यावर.

किती वेळ? तीन मिनिटं? पाच? माझा अर्धा ब्रेड संपला होता. ती समोर बसून बुडत होती आणि मी मीठ मागत होतो.

तिला सगळं समजत होतं. डॉक्टरच म्हणाले, समजतं सगळं. म्हणून मी आमेन म्हटलं की ती नाही म्हणते. म्हणणारच. त्या आमेनचा तिला राग नसेल तर कोणाला असेल?

आज उपासनेला गेलो नाही. दुपारी हिला टेबलाशी बसवलं. वही उघडली नाही. डोळे मिटले आणि जे तोंडाला आलं ते बोललो. प्रभू, मी बघितलं नाही. ती माझ्यासमोर होती आणि मी बघितलं नाही. वर तिच्यावर ओरडलो. डॉक्टरांशी खोटं बोललो. मला मागायला तोंड नाही. मी फार थकलोय. तिला बरं कर म्हणायचीही माझ्यात ताकद उरली नाही. तूच बघ आता.

एवढंच. आमेन म्हणायची हिंमत झाली नाही.

मग ही म्हणाली, "नाही." अगदी हळू. मी डोळे उघडले तर तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तिचा डावा हात माझ्या उजव्या हातावर होता. मनगट असं घट्ट धरलं होतं की वळ उठला.

तो नाही कसला होता, मला कळलं नाही. पण आज दुपारी मी दोन तास झोपलो, खुर्चीतच. जानेवारीपासून असा झोपलो नव्हतो.

मंगळवार, ४ मार्च

रक्तदाब १३२ वर ८०. चार पावलं. फौजदारला पाच वाटली.

कापणी ठीक. साचा दोनदा तपासला. काज-बटणांच्या बाई म्हणाल्या, "आज उजव्या बाह्या पण दिसतायत, मास्तर. कुठून आणल्या?" पूर्वपदावर आल्या एकदाच्या. बरं वाटलं.

शुक्रवार, ७ मार्च

लेकीचा फोन. आज लाइन चांगली होती. मी तिला सगळं सांगितलं. मीठ, ओरडणं, सगळं. मला वाटलं आता लेकही माझ्याशी बोलायची बंद होणार.

तिनं तिकडे नाक शिंकरलं. मग म्हणाली, "पप्पा, मम्मी कुठपर्यंत आली होती?"

"कुठपर्यंत म्हणजे?"

"प्रार्थनेत. तुम्ही आमेन म्हटलंत तेव्हा."

मी आठवलं. ज्यांचं कोणी नाही, ते झालं होतं. तिथेच तर मी रोज आमेन म्हणतो. तिथेच संपते.

"तिथे संपत नाही, पप्पा." आणि ती हसली, रडता रडता. "तुम्ही कायम एक वाक्य आधी आमेन म्हणता! लहानपणापासून बघत आलेय. तुम्ही आमेन म्हणून चमचा उचलायचा, आणि मम्मी तिचं शेवटचं वाक्य मागाहून हळूच पुटपुटायची. मी डोळे किलकिले करून बघायचे, ती मला डोळा मारायची. आमची दोघींची गंमत होती ती."

"कसलं वाक्य?"

"तुमच्यासाठीचं. रोज शेवटी तुमच्यासाठी मागायची. शब्द नाही येत मला सांगता, हळू म्हणायची ना. हाताचं काहीतरी होतं."

मी तिला म्हटलं, मग तिनं मला कधी सांगितलं का नाही?

"सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता. आणि तुमच्यासमोर मोठ्यानं म्हणायला ती लाजायची, पप्पा. एवढं पण कळत नाही?"

नाही कळत. एकतीस वर्षांत कळलं नाही.

फोन ठेवल्यावर पलंगाजवळ जाऊन उभा राहिलो. ही झोपली होती. उठवून विचारावंसं वाटलं. मग वाटलं, विचारून काय होणार, नाही म्हणेल.

शनिवार, ८ मार्च

सकाळचा रक्तदाब लिहायचा राहिला. गोळ्या दिल्या.

फौजदारला आज दुपारीच घरी पाठवलं. "का?" म्हणाली. म्हटलं, गुडघ्याला आराम द्या. संशयानं बघत गेली.

संध्याकाळी, बाहेर अजून उजेड होता, हिला काजांचा गाउन घालून टेबलाशी बसवलं. सूप वाढलं. ब्रेडचे तुकडे केले. वही आतच ठेवली, आता पाठ झालंय. माझा उजवा हात टेबलावर तिच्या डाव्या हाताजवळ ठेवला आणि डोळे मिटले.

प्रभू, आजचं अन्न दिलंस, तुझे उपकार. घर सांभाळलंस, तुझे उपकार. दूर आहे तिला जवळ धर. आजारी आहेत त्यांना उठव. ज्यांचं कोणी नाही त्यांचा तू हो.

आमेन जिभेवर आलं. रोजची सवय, पायरीवर आपोआप पाय पडावा तसं. दात आवळून धरलं. आणि गप्प बसलो.

आधी मी मोजत होतो. एक, दोन, तीन. वीसपर्यंत मोजलं असेल. नळ ठिबकत होता. शेजाऱ्यांच्या रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. मनात आलं, काही होणार नाही, सूप गार होतंय, लेक लहानपणीचं काहीतरी उगाच सांगत असेल. मग मोजणं सुटलं. पाळकसाहेब मोडक्या खुर्चीवर नुसते बसले होते ते आठवलं. मीही नुसता बसलो. किती महिन्यांनी, किती वर्षांनी म्हणू, मी काही करत नव्हतो, काही मागत नव्हतो, उद्याची कापणी डोक्यात नव्हती. ती बरी होईल का, हा प्रश्नसुद्धा बाहेरच्या रेडिओसारखा लांब गेला. समोर ती होती, मी होतो, आणि आम्हा दोघांचं ऐकणारा कोणी तिथे बसला होता. हे मला शपथेवर सांगता येईल. आणि त्याला घाई नव्हती.

"यांचा," ती म्हणाली.

मी डोळे उघडले नाहीत. श्वाससुद्धा घेतला नसेन.

"यांचा." मग खूप वेळ काही नाही. ओठ ओले करण्याचा आवाज. "यांचा हात." तिचा हात माझ्या हातावर आला, बोटं चाचपत कात्रीच्या घट्ट्यापर्यंत गेली, जिथे चौतीस वर्षांत कातडं दगड झालंय. "यांचा हात... सांभाळ."

मी उघडलेच डोळे. ती माझ्याकडे बघत होती. तोंडाचा डावा कोपरा हसत होता, उजवा नव्हता. भुवई वर गेली, लेकीला डोळा मारताना जात असेल तशी. आता म्हणा, असं होतं त्यात. थांबलाय कशाला?

मी आमेन म्हटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा वेळेवर.

"हो," ती म्हणाली.

सूप पार गार झालं होतं. आणि आजही मीठ कमी पडलं होतं, ते मी उठून आणलं. आधी तिच्या वाटीत घातलं.